रात्रीचे जागरण आणि अपत्यप्राप्ती



आज मी ज्या विषयावर आपणांशी चार शब्द बोलणार आहे, तो आपल्या घरांतून सहसा उघडपणे बोलला जात नाही. पुरुषाला पुरेशी व नियमित झोप न मिळाल्यास त्याच्या अपत्यप्राप्तीवर कोणता परिणाम होतो, हा तो विषय होय. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात खेड्यांतील मुले शिकविण्यात घालविलेला एक शाळामास्तर आहे. परंतु जे ज्ञान मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत सिद्ध झाले, ते आपल्या वावरापर्यंत पोचविणे हे मास्तराचेच काम आहे, अशी माझी समजूत आहे.

हा विषय अशिष्ट आहे, असे कोणास वाटल्यास त्यांना मी एवढेच सांगेन की, आपल्या मराठी भाषेत असे विषय प्रथमच निघत आहेत असे नाही. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली त्यांचा अंत होईपर्यंत ते चालविले. स्त्रीपुरुषांच्या शरीरधर्माविषयी स्पष्टपणे लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले. अज्ञानाने सभ्यतेचे रक्षण होत नसते, हेच त्या थोर पुरुषांचे म्हणणे होते.

आता प्रथम व्यवहारातील स्थिती पाहू. लग्नास दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की शेजारीपाजारी कोणाकडे पाहू लागतात? सुनेकडे. उपासतापास तिला, गंडेदोरे तिला, औषधे तिला आणि बोलणीही तिलाच. ‘वांझ’ हा कठोर शब्द आपल्या भाषेत स्त्रीसाठी आहे. पुरुषासाठी तितका रूढ शब्द आपण तयारच केला नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार जगात साधारण दर सहा माणसांपैकी एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाची अडचण येते. आणि अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर, आढळते. म्हणजे सुनेला माहेरी धाडण्यापूर्वी मुलाची तपासणी झाली पाहिजे, हा साधा न्याय आहे. ह्या पुरुषाच्या बाजूच्या कारणांत झोपेचा वाटा किती व कसा, हे आता पाहावयाचे आहे.

त्यासाठी पुरुषाचे बीज कसे तयार होते, हे समजून घेतले पाहिजे. वृषणांत दररोज कोट्यवधी शुक्रजंतू निर्माण होण्याचे काम अखंड चालू असते. परंतु एक शुक्रजंतू आरंभापासून पूर्णावस्थेला येण्यास साधारण सत्तर ते पंचाहत्तर दिवस लागतात. पुढे बाहेर पडण्यापूर्वी नलिकांतून प्रवास करण्यात व परिपक्व होण्यात आणखी एक-दोन आठवडे जातात. अर्थात सुमारे तीन महिन्यांचा हिशेब झाला. आपण कापूस पिकविणारे लोक आहोत, म्हणून हे आपल्याला लवकर समजेल. पऱ्हाटीला आज ताण पडला आणि पाती गळाली, तर त्याचा खरा तोटा आज दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी वेचणीला गेल्यावर बोंडे कमी भरतात तेव्हा दिसतो. पुरुषाच्या बीजाचेही तसेच आहे. आजच्या जागरणाचा जमाखर्च तीन महिन्यांनी समोर येतो आणि आज सुरू केलेल्या सुधारणेचे फळही तितक्याच काळाने हाती येते.

हे काम चालण्यास मेंदूचा हुकूम लागतो. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. तिच्यातून दोन रस रक्तात सुटतात. एक वृषणांकडून टेस्टोस्टेरोन नावाचा पुरुषत्वाचा रस तयार करवितो. दुसरा शुक्रजंतूंच्या वाढीस साहाय्य करतो. आता महत्त्वाची गोष्ट अशी की, टेस्टोस्टेरोनचे प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही. माणूस झोपला म्हणजे ते वाढू लागते आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत अधिक होते. झोप तुटक आली, किंवा मुळात आलीच नाही, तर ही वाढ अपुरी राहते. म्हणून झोप म्हणजे शरीराने काम थांबविणे नव्हे. रात्रपाळीचे एक फार महत्त्वाचे काम शरीर त्याच वेळी करीत असते.

शरीरात एक घड्याळही आहे. सूर्यप्रकाश डोळ्यांत शिरला की ते जुळते व अंधार पडला की झोपेची तयारी करते. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या आठवड्यात दिवसा झोप, पुढच्या आठवड्यात रात्री, असा क्रम ठेवला तर हे घड्याळ कोणत्याच वेळेशी नीट जुळत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट अनुभवाने ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ म्हणून सांगितले आहेत. आणि त्याच ग्रंथात, सुख-दुःख व बल-दौर्बल्य यांच्या जोडीने पुरुषाचे पुरुषत्व व त्याचा अभाव हेही निद्रेवर अवलंबून असतात, असे म्हटले आहे. तथापि जुने वचन आहे म्हणून ते खरे मानावे, असे मी म्हणणार नाही. आधुनिक काळात मोजमाप करून काय आढळले, तेच पाहू.

२०११ साली अमेरिकेतील शिकागो येथील संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत ठेवून आठवडाभर रात्री केवळ पाच तास झोपू दिले. त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरोन दिवसाच्या वेळी दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलेले आढळले. वयोमानाने ह्या रसात दर वर्षी एक-दोन टक्के घट होते असे धरले, तर एका आठवड्याच्या अपुऱ्या झोपेने ह्या तरुणांच्या ह्या रसाचे मान कित्येक वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे झाले.

२०१३ साली डेन्मार्कमधील ९५३ तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. सैन्यभरतीच्या तपासणीस आलेल्या ह्या तरुणांना झोपेविषयी प्रश्न विचारले व त्यांचे वीर्य तपासले. ज्यांची झोप फारच बिघडलेली होती, त्यांच्यात शुक्रजंतूंची दाटी, झोपेची तक्रार थोडी असलेल्यांच्या मानाने, २९ टक्क्यांनी कमी होती. सुघड आकाराच्या शुक्रजंतूंचे प्रमाणही घटले होते. २०१६ साली चीनमधील चुंगचिंग येथील महाविद्यालयीन तरुणांच्या पाहणीत सात ते साडेसात तास झोपणाऱ्यांची स्थिती उत्तम आढळली. त्याहून फार कमी आणि त्याहून फार जास्त, अशा दोन्ही बाजूंनी ती खालावत गेली. अर्थात लोळत पडल्याने लाभ वाढतो, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. आणि २०१८ साली बोस्टन येथील संशोधकांनी मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या हजाराहून अधिक जोडप्यांचा मागोवा घेतला. जे पुरुष सहा तासांहून कमी झोपत, त्यांच्या घरी दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळली.

ह्या आकड्यांचा अर्थ तारतम्याने लावावयास हवा. चारांपैकी शेवटच्या तीन पाहण्या आहेत. त्यांत दोन गोष्टी बरोबर आढळल्या, एवढेच सिद्ध होते. जो झोपत नाही तो कदाचित चिंतेत असेल, व्यसनी असेल, आजारी असेल. म्हणून झोप हेच एकमेव कारण असे कोणी म्हणू नये; आणि चार रात्री जागलेला पुरुष वंध्य होतो, असे तर मुळीच नव्हे. परंतु निरनिराळ्या देशांतील पुरावे एकाच दिशेकडे बोट दाखवितात, आणि शरीराची जी रचना मी वर सांगितली तिच्याशी ते जुळतात, हे विचारी माणसाने ध्यानात घ्यावे.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. येथे तरुण पुरुष रात्री का झोपत नाही? शहरातील मुलगा मोबाइल पाहत जागतो, त्याचे नाव आळशीपणाच्या यादीत घाला. परंतु आपल्या खेड्यातील पुष्कळसे जागरण हे चैनीचे नसून पोटाचे आहे.

पहिले कारण रात्रीचे ओलीत. शेतीपंपांना लागणारी तीन-फेज वीज चोवीस तास मिळत नाही. अनेक ठिकाणी ती पाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आठ-दहा तास देण्याची पद्धत पडली. हरभरा, गहू यांचे ओलीत ऐन थंडीत, आणि वीज आली की वावरात गेलेच पाहिजे. मध्यरात्री मोटार सुरू करावयाची, तुषारसंचाचे पाइप उचलून दुसरीकडे लावावयाचे, मध्येच डीपीवरचा फ्यूज उडाला तर बसून राहावयाचे आणि पहाटे घरी येऊन दोन तास पाठ टेकावयाची. सूर्य वर आला की गुरेढोरे, डवरणी, बाजार, ही कामे थांबत नाहीत. पाळी बदलली की पुन्हा निराळे वेळापत्रक. शरीरातल्या त्या घड्याळाची ह्याहून अधिक कुचंबणा ती कोणती?

दुसरे कारण जागल. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवावयाचे म्हणजे मचाणावर रात्र काढावी लागते. राळेगाव, पांढरकवडा, झरी ह्या जंगलालगतच्या भागांत तर वाघाचे भय सोबतीला. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगावच्या रानात जी वाघीण मारली गेली, तिच्यावर तेरा माणसांच्या बळीचा ठपका होता. अशा रानात मचाणावर डोळा लागला तरी ती झोप म्हणता येत नाही. कान जागेच असतात. तिसरे कारण पाळीचे काम. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तेथे तिसऱ्या पाळीचा कामगार सर्व जग झोपते तेव्हा खाली राबतो. हंगामात जिनिंगमध्येही रात्री काम चालते.

जागरण एकटे येत नाही. ते आपले सोबती घेऊन येते. रात्र काढावयाची म्हणून चहामागून चहा होतो, आणि आपल्या वऱ्हाडात तोंडात खर्रा येतो. खर्ऱ्यात सुपारीबरोबर तंबाखू असते, आणि तंबाखू, ओढलेली असो वा चघळलेली, शुक्रजंतूंना अपायकारक आहे. थंडी आणि थकवा घालविण्यास कोणी दारू जवळ करतो. तिने झोप आल्याचा भास होतो, परंतु ती झोप तुटक असते. फवारणीच्या दिवसांत थकलेला माणूस तोंडाला फडके बांधावयाचेही टाळतो. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने ह्याच जिल्ह्यातील वीसच्या वर माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. त्या विषांपैकी काही पुरुषाच्या बीजालाही घातक आहेत. आणि आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास संकोच वाटला तरी बोलली पाहिजे. स्त्रीच्या दर महिन्याच्या चक्रात गर्भ राहण्यास योग्य असे दिवस साधारण सहाच असतात. नेमक्या त्या रात्री पती वावरात असेल, किंवा घरी असूनही थकून अंग टाकीत असेल, तर दोघेही पूर्ण निरोगी असूनही महिन्यामागून महिने रिते जातील. मग दोष कोणाचा? सुनेचा तर खासच नव्हे.

येथे कोणी वडीलधारे म्हणतील, “मास्तर, आमचे आजे-पणजे जागलीला जात होते, आणि त्यांना दहा-दहा लेकरे झाली!” शंका रास्त आहे. परंतु ज्यांना दहा झाली त्यांच्या गोष्टी आपण सांगतो. ज्यांना एकही झाले नाही त्यांचे घराणे पुढे चालले नाही, म्हणून त्यांची गोष्ट सांगणारा मागे उरला नाही. दत्तकविधाने आणि सवतींची लग्ने त्या काळीही काही थोडी नव्हती. शिवाय त्यांची जागल हंगामापुरती होती. एरवी दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत सारे गाव झोपत असे. विजेच्या पाळीने वर्षातले कित्येक महिने आज दिवस, उद्या रात्र, असा फेरा त्यांच्या मागे नव्हता.

मग करावे काय? माझ्या अल्प बुद्धीला व वाचनाला पटलेल्या काही गोष्टी सांगतो.

ज्या घरी अपत्याची इच्छा आहे, त्या घरच्या तरुणाला निदान सलग तीन-चार महिने सात-आठ तासांची झोप मिळेल, अशी व्यवस्था घरातल्यांनी मिळून करावी. भावाभावांनी, किंवा दोन शेजाऱ्यांनी आपसांत ओलिताच्या रात्री वाटून घ्याव्या.  जो रात्री जागला, त्याला सकाळी अंधाऱ्या, शांत खोलीत निजू द्यावे. “दिवस वर आला तरी लोळतो” म्हणून हिणवू नये. निजण्यापूर्वी तास-दोन तास मोबाइल दूर ठेवावा आणि संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. खर्रा सोडावा. जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि आठ तास निजूनही जो दिवसा पेंगतो, त्याने डॉक्टरांना दाखवावे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, आणि पत्नीचे वय पस्तिसाच्या वर असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून वैद्यकीय सल्ला घ्यावा. यवतमाळ येथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाऊन चौकशी करण्यात कमीपणा नाही. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही स्त्रीच्या बहुतेक तपासण्यांहून सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. म्हणून ती आधी व्हावी. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो, आणि एकदा आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या पुस्तिकेत शुक्रजंतूंची किमान मर्यादा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख अशी दिली आहे. आपला आकडा त्याखाली आला म्हणजे सारे संपले असे नाही आणि वर आला म्हणजे खात्री झाली असेही नाही. त्याचा अर्थ डॉक्टरांनीच सांगावयाचा.

एका धोक्याची सूचना येथे दिलीच पाहिजे. टेस्टोस्टेरोन कमी होते हे ऐकून कोणी त्याची इंजेक्शने किंवा ‘ताकदीची’ औषधे परस्पर घेऊ नयेत. बाहेरून तो रस मिळाला, की पीयूषिका ग्रंथीला वाटते काम झाले. ती आपला हुकूम थांबविते आणि वृषणांतील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा बंदही पडते. बापाचे सुख मिळावे म्हणून घेतलेले औषध त्याच सुखाच्या आड येते. बाजारच्या दिवशी तंबू ठोकून पुड्या विकणाऱ्यांचे तर नावच नको.

हे झाले घरातील उपाय. परंतु ज्याची रात्रच त्याच्या हाती नाही, त्याला ‘लवकर नीज’ असा उपदेश करणे ही थट्टा होईल. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. सूर्य तळपतो तेव्हाच वीज तयार व्हावी आणि तेव्हाच मोटार चालावी, ही कल्पना उत्तम आहे. ज्या गावी ती पोचली तेथील शेतकरी रात्री घरी झोपू शकतो. जेथे ती अजून पोचली नसेल, तेथील ग्रामसभेने तिची मागणी करावी. आजवर आपण दिवसाची वीज मागताना साप, विंचू, थंडी आणि श्वापदे यांची कारणे देत आलो. ती सर्व खरीच आहेत. त्यांच्या जोडीला हेही एक कारण निःसंकोचपणे मांडावयास हरकत नाही की, तरुण शेतकऱ्याची रात्र हिरावली तर त्याच्या घरच्या पाळण्यावरही तिचा परिणाम होऊ शकतो.

शेवटी घरातील वडीलधाऱ्या आयाबायांना एक विनंती. सुनेच्या ओटीकडे पाहण्यापूर्वी एकदा मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. ते तांबारलेले असतील, तर आधी त्याला निजू द्या, मग त्याची तपासणी करवा, आणि तोवर तिला एका शब्दानेही दुखवू नका. जमिनीची प्रत पाहण्यापूर्वी बियाण्याची उगवण पाहावी, हे ज्ञान कास्तकाराच्या घरी कोणी नव्याने शिकवावे असे थोडेच आहे!